मिनेसोटातील गल्लीचा रस्ता: मालमत्तेवर आकारणी की वीजबिलातून शुल्क?

मिनेसोटा राज्यात जुना रस्ता नव्याने बांधायचा, तर शहर परिषदेपुढे नेहमीच्या दोन वाटा असतात.

विशेष आकारणीत (कायद्याचे प्रकरण 429) खर्चाचा वाटा लगतच्या मालमत्तांवर, दर्शनी फुटामागे (रस्त्याला लागून असलेल्या लांबीच्या दर फुटामागे) किंवा प्लॉटमागे बसतो. परिषदेने स्वतः काम काढले, तर चार-पंचमांश मते लागतात. 35 टक्के दर्शनी लांबीच्या मालकांचा अर्ज असेल, तर साधे बहुमत पुरते. सुनावण्या दोन: आधी कामाची, मग आकारणीची. दुसरी संपण्याआधी सहीची लेखी हरकत द्यायलाच हवी, नाहीतर अपिलाचा हक्क जातो. आकारणी मंजूर झाल्यावर अपिलाला 30 दिवस मिळतात. खरी मेख वेगळीच आहे. आकारणी बाजारभावात झालेल्या वाढीपेक्षा जास्त असता येत नाही. त्यामुळे मूल्यांकन न करता खर्चाला घरांच्या संख्येने भागणारे शहर कोर्टात अडचणीत येते.

दुसरी वाट फ्रँचायझी शुल्काची. शहर ते वीज-गॅस कंपन्यांवर लावते आणि ते ग्राहकांच्या मासिक बिलात उतरते. करमाफ चर्च, शाळाही ते भरतात. एकाच घरावर हजारो डॉलर कोसळत नाहीत. मात्र मीटरमागे सपाट दर लहान घराला जड जातो.

शहरभर क्रमाने रस्ते बदलायचे असतील, तर आम्ही शुल्कच सुचवू. कच्च्या रस्त्याला पहिल्यांदा डांबर आणि कर्ब (रस्त्याची उंच बांधीव कड) मिळणार असेल, तर आकारणी न्याय्य, कारण तिथे किंमतवाढ दाखवता येते. सेंट पॉल शहर रस्त्यांच्या देखभालीसाठी दर्शनी फुटावर पैसे घेई. 2016 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वसुली साधे सेवाशुल्क नव्हे, करच आहे असे ठरवले.