आरटीओजवळचा एजंट : जीभ तिखट, काम चोख, हिशेब अर्धवट

माझी 2012 ची अल्टो मी कात्रजच्या एका मुलाला 85 हजारांना विकली. "मावशी, आठवड्यात नावावर करून घेतो," म्हणाला. मीही टीटी फॉर्मवर, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जावर, सह्या करून दिल्या. तारीख नाही, घेणाऱ्याचं नाव नाही, झेरॉक्ससुद्धा ठेवली नाही.

दोन महिन्यांनी खेड शिवापूरचा टोल माझ्या खात्यातून कापला गेला. काचेवरचा फास्टॅग माझाच होता ना! मग सीटबेल्टचं ई-चलन आलं, तेही माझ्याच नावावर. त्या दिवशी मी घरीच लोणच्याच्या कैऱ्या फोडत होते.

शेजाऱ्यांनी या एजंटकडे पाठवलं. फळकुटाचं टेबल, एक लॅपटॉप. त्याने आधी मलाच झापलं. "मॅडम, विकणाऱ्याने 14 दिवसांत फॉर्म 29 देऊन कळवायचं असतं. घेणाऱ्याच्या भरवशावर बसलात? त्याने कुणाला ठोकलं असतं तर भरपाईच्या केसमध्ये तुम्ही मालक!" मला वाटलं घाबरवतोय. भाच्याला विचारलं, तो वकिली करतो. सुप्रीम कोर्टाने 2018 साली हेच सांगितलंय म्हणे, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक.

पुढचं काम मात्र झकास. त्या मुलाला फोन करून असा काही दम भरला की तो दुसऱ्या दिवशी आधार, पॅन, इन्शुरन्स, पीयूसी घेऊन हजर. ओटीपी माझ्या बंद पडलेल्या नंबरवर जात होता, तर आधी तो नंबर बदलून घेतला. चलन मला भरावं लागलं. बाविसाव्या दिवशी एमपरिवहन या सरकारी ॲपवर गाडीसमोर त्या मुलाचं नाव दिसलं, तेव्हा कुठे मला झोप लागली.

तीन स्टार एवढ्यासाठी की 2,500 रुपयांत सरकारी फी किती आणि याची किती, हे दोनदा विचारूनही सांगितलं नाही. पावती मागितली तर हसला. आणि फास्टॅग बँकेकडून बंद करून घ्या, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा असतो, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येतो, हे त्याने सांगायला नको? तेही भाच्यानेच सांगितलं.

त्या मुलाने टोलचे पैसे पाठवले, पाच रुपये कमी. चलनाचे अजून यायचेत.