इंजिन माझ्या गाडीत, नंबर भलत्याच गाडीवर

जुनं इंजिन घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे 81,000 रुपये गेलेत आणि गाडी दारात धूळ खात उभी आहे.

2014 ची डिझेल स्विफ्ट. पावसात इंजिनात पाणी शिरलं, कनेक्टिंग रॉड वाकून ब्लॉकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याला, भोक पडलं. विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनाच्या नुकसानीचं जादा कव्हर, नव्हतं, म्हणून कंपनीने हात वर केले. (तुम्ही घेतलंय का? आजच बघा.) गॅरेजवाल्याच्या ओळखीने मुंबईतला एक इंजिनवाला गाठला. "टोटल लॉस गाडीचं आहे साहेब, पेपर एकदम क्लिअर." (टोटल लॉस म्हणजे विमा कंपनीने दुरुस्तीपलीकडची ठरवलेली गाडी.) इंजिनाचे 62,000, बसवायचे 9,500, टोइंगचे 2,500 आणि आरटीओच्या कामासाठी एजंटला 7,000.

बिलावर इंजिन नंबरचा रकाना कोरा होता. मी विचारलं होतं, बरं का! तर म्हणे, "नंबरावर ग्रीस बसलंय, धुतलं की भरून देतो." ब्लॉकवर खरंच काळा चिकट थर होता. थोडं डिझेल आणि एक फडकं, दोन मिनिटांचं काम. पण हातात त्या टोटल लॉस गाडीच्या आरसीची (नोंदणीपत्राची) झेरॉक्स, शेजारी वर्षानुवर्षांचा गॅरेजवाला मान डोलावतोय. अशा वेळी फडकं कोण मागतं? त्या कोऱ्या रकान्याने अजून झोप लागत नाही.

इंजिन बसल्यावर नंबर धुऊन पाहिला, तर झेरॉक्सवर एक आणि ब्लॉकवर दुसराच. नंबर आधी स्वतः वाचा, पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून उमटवलेला ठसा) स्वतः काढा, मगच पैसे. आणि रोख तर मुळीच नाही.

कायदा म्हणतो, इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवा. कळवलं! खिडकीवरचे साहेब म्हणाले, हा नंबर गुजरातच्या एका गाडीवर चालू आहे, सिस्टीम घेत नाही; तिची आरसी रद्द करून आणा. अहो, ती गाडी माझी नाही, मालक कोण ते ठाऊक नाही, तिची आरसी मी कशी रद्द करणार? "मग पोलिसांचं पत्र आणा." पोलीस म्हणतात, हा दिवाणी मामला, वर दम असा, की इंजिन चोरीचं निघालं तर गाडीच जमा करू. म्हणजे फसलेला मी आणि मुद्देमालही माझ्याच दारात! परत आरटीओत गेलो, तर टेबल बदललेलं, नव्या साहेबांना फाइलच सापडेना. एजंट फोन उचलत नाही.

अशी गाडी विकता येत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी नंबरावरच बोट ठेवणार. टोटल लॉसचं इंजिन असेल तर त्या गाडीची आरसी रद्द झाल्याचा कागद मागा, झेरॉक्सवर भागवू नका.

ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार केली आहे. दुकानदाराचं उत्तर आलं: बिलावर नंबरच नाही, मग हे इंजिन आमच्याकडचंच कशावरून?