अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधताना : संकेतस्थळ की स्वतःची शब्दयादी?

वर्डल (दडलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द ओळखण्याचा खेळ) किंवा स्क्रॅबल (अक्षरांच्या टाइल मांडून शब्द जुळवण्याचा खेळ) नेमाने खेळणाऱ्याला ‘अमुक अक्षरे असलेले शब्द कोणते?’ हा प्रश्न कधी ना कधी पडतोच. त्याचे उत्तर शोधण्याचे दोन मार्ग मी बराच काळ वापरले आहेत. पहिला म्हणजे शब्दशोधक संकेतस्थळे. दुसरा म्हणजे इंग्रजी शब्दांची साधी यादी संगणकावर उतरवून घेऊन तीत ग्रेप या, दिलेल्या नमुन्याशी जुळणाऱ्या ओळी शोधणाऱ्या, आज्ञेने शोध घेणे. खेळ चालू असताना असा आधार घ्यावा की नाही, हे ज्याने त्याने आपल्या सोबत्यांशी ठरवावे. मी तो डाव संपल्यावर, आपल्या नजरेतून काय निसटले हे पाहण्यासाठी घेतो, आणि पुढचे सारे त्याच वापरावरून लिहीत आहे.

स्क्रॅबलच्या सात टाइल पुढ्यात असतील आणि त्यांत एखादी ब्लँक (कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारी कोरी टाइल) असेल, तर संकेतस्थळाला तोड नाही, हे आधीच मान्य करायला हवे. अक्षरे कोणत्याही क्रमाने भरावीत, ब्लँकच्या जागी प्रश्नचिन्ह द्यावे, आणि लांबीनुसार लावलेले शब्द क्षणात समोर येतात. ग्रेपचा स्वभाव मात्र अक्षरांचा क्रम पाहण्याचा आहे; अक्षरांची उलथापालथ करणे हे त्याचे काम नव्हे. यावर उपाय आहे. यादीतल्या प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णानुक्रमे लावून ती शब्दाशेजारी लिहून ठेवली, की ‘लिसन’, ‘सायलेंट’, ‘टिन्सेल’ आणि ‘एनलिस्ट’ हे चारही शब्द ई-आय-एल-एन-एस-टी या एकाच खुणेखाली सापडतात. पण त्यासाठी थोडी पूर्वतयारी करावी लागते, आणि ब्लँक आली की ही युक्तीही अवघडते.

माझा निर्णय झाला तो वर्डलमुळे, आणि तोही एकाच त्रासामुळे : एका शब्दात दोनदा आलेले अक्षर. वर्डलमध्ये आपण टाकलेल्या शब्दातले अक्षर उत्तरात नसेल तर ते करडे होते, आणि असेल पण जागा चुकली असेल तर पिवळे होते. समजा उत्तर ‘अबाइड’ (abide) आहे आणि आपण ‘स्पीड’ (speed) हा शब्द टाकला. एस आणि पी करडे होतात, डी पिवळा होतो, आणि दोन ईंपैकी पहिला पिवळा तर दुसरा करडा होतो. याचा अर्थ खेळाडूला लगेच कळतो : उत्तरात ई एकदाच आहे, आणि तो तिसऱ्या किंवा चौथ्या जागी नाही. मी वापरत असलेल्या संकेतस्थळावर मात्र ‘असलेली अक्षरे’ आणि ‘नसलेली अक्षरे’ असे दोनच रकाने होते. करडा ई दुसऱ्या रकान्यात भरला की तोच ई पहिल्यातही असल्यामुळे निकाल रिकामा येई. तो तेथून काढून टाकला, तर ‘हेज’ (hedge), ‘लेज’ (ledge), ‘इरोड’ (erode), ‘इल्यूड’ (elude), ‘इव्हेड’ (evade) असे दोन-दोन ई असलेले शब्द यादीत शिरत, जे बाद झाले आहेत हे मला आधीच ठाऊक असे. मग ते एकेक करून डोळ्यांनी वगळायचे, म्हणजे ज्या कामासाठी साधन उघडले तेच काम हाताने करायचे. सगळीच संकेतस्थळे अशी आहेत असे मी म्हणणार नाही. जागेनुसार रंग भरू देणारीही काही आहेत, आणि ती हा पेच नीट सोडवत असतीलही. पण हा अनुभव मला इतक्या वेळा आला की मी दुसरा मार्ग धरला.

स्वतःच्या यादीत प्रत्येक अट ही एक गाळणी असते. पाच अक्षरी शब्द घ्यावेत, त्यांतून ई आणि डी असलेले निवडावेत, एस आणि पी असलेले काढावेत, जागांच्या अटी लावाव्यात. शेवटच्या गाळणीत ई, टिंब, तारांकित खूण आणि पुन्हा ई (म्हणजे दोन ई, मध्ये काहीही असो) एवढेच लिहायचे आणि व्ही हा पर्याय जोडून तसे शब्द उलट वगळायचे. दोन ई असलेला प्रत्येक शब्द गळून पडतो. ‘अबाइड’, ‘गाइड’ (guide), ‘बॅज’ (badge), ‘मीडिया’ (media), ‘रेडी’ (ready) यांसारखे शब्द उरतात. अट कशी वाचली गेली, ती कुठे चुकली, हे सारे डोळ्यांसमोर राहते, आणि मला तरी हे फार मोलाचे वाटते.

यादी कोणती घ्यावी, याकडे मात्र काळजीपूर्वक पाहावे. मॅकच्या संगणकात आधीपासून असलेली यादी वेब्स्टर शब्दकोशाच्या १९३४च्या आवृत्तीवरून आलेली आहे. तीत विशेषनामे आहेत, आणि पुष्कळ अनेकवचने व क्रियापदांची रूपे नाहीत, त्यामुळे खेळासाठी ती कामाची नाही. एनेबल नावाची यादी सर्वांसाठी खुली आहे आणि तीत सुमारे १ लाख ७२ हजार शब्द आहेत. कॉलिन्सच्या २०१९च्या स्क्रॅबल यादीत २,७९,४९६ शब्द होते. हा फरक केवळ आकड्यांचा नाही. याक आणि गाय यांच्या संकरातून होणाऱ्या प्राण्याचे ‘झो’ (zo) हे दोन अक्षरी नाव कॉलिन्सप्रमाणे चालते, उत्तर अमेरिकेच्या यादीप्रमाणे चालत नाही. दहा गुणांचा झेड हातात असताना ही गोष्ट आधी माहीत असणे बरे. आपला शब्द कोणत्या यादीतून आला, हे काही संकेतस्थळे सांगतात, काही सांगत नाहीत. स्वतः उतरवलेल्या यादीबाबत हा प्रश्न उरत नाही.

तेव्हा प्रामुख्याने स्क्रॅबल खेळणाऱ्याने आणि फोनवरच सारे पाहणाऱ्याने संकेतस्थळच वापरावे. फक्त ते कोणती यादी वापरते हे एकदा तपासून घ्यावे. रोज वर्डल सोडवणाऱ्याने, आज्ञा टंकण्याचे वावडे नसेल तर, एक संध्याकाळ ग्रेपला द्यावी. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या, म्हणजे शोधाचा नमुना लिहिण्याच्या, चार-पाच खुणा तेवढ्यात हाताखाली येतात. स्क्रॅबलच्या ब्लँकसाठी मी आजही संकेतस्थळ उघडतो. पाच चौकटींत अक्षर दुसऱ्यांदा आले, की माझी यादीच उघडतो.