‘टॉय स्टोरी’ की ‘ड्रॅगन’? कोणतं संगीत ऐकावं

भाचीने विचारलं, ‘मामा, पियानोवर बसवायला आणि गाडीत ऐकायला ‘टॉय स्टोरी’ आणि ‘ड्रॅगन’ यातलं कुठलं संगीत घेऊ?’ दोन्ही ॲनिमेशन चित्रपटमालिका तिच्या आवडीच्या, त्यामुळे पंचाईत.

गाणी हवी असतील तर ‘टॉय स्टोरी’. १९९५च्या पहिल्या चित्रपटातली तिन्ही गाणी संगीतकार रँडी न्यूमनने स्वतःच गायली आहेत, थोड्या घोगऱ्या, गप्पा मारल्यासारख्या आवाजात. शब्द चटकन पाठ होतात. दुसऱ्या भागातलं सारा मॅक्लॅक्लनचं ‘व्हेन शी लव्हड मी’ मात्र गाडी चालवताना नको, डोळे भरून येतात.

‘हाऊ टू ट्रेन युअर ड्रॅगन’मध्ये (२०१०) गाणं जवळपास नाहीच, शेवटच्या श्रेयनामावलीत यॉन्सी या गायकाचं एक येतं, तेवढंच. संगीतकार जॉन पॉवेलचं सगळं काम वाद्यवृंदावर. ‘फॉरबिडन फ्रेंडशिप’ ऐका: हिकप हा मुलगा आणि टूथलेस हा ड्रॅगन यांची ओळख होते, संवाद जवळजवळ शून्य, आणि हलक्या ठोक्यांवर एकेक थर चढत जातो. ‘टेस्ट ड्राइव्ह’ तर अडीच मिनिटांत आकाशात नेऊन सोडते. चित्रपट न पाहताही हे संगीत उभं राहतं. न्यूमनची पार्श्वधून पडद्यावरच्या धावपळीला इतकी चिकटलेली की नुसती ऐकताना तुटक वाटते.

वाजवायला? न्यूमन. एकट्या पियानोवर त्याची गाणी पुरी वाटतात. पॉवेलची ब्रास (पितळी फुंकवाद्यं) आणि बॅगपाइप्स दोन हातांत कुठून आणणार?

म्हणून पियानोसाठी आणि घरातल्या लहानग्यांसाठी ‘टॉय स्टोरी’. हेडफोन लावून एकटीने ऐकायला किंवा घाटातल्या लांब प्रवासाला ‘ड्रॅगन’.