बायोसने दाखवलेल्या नावावर विसंबून झालेली फसवणूक

2004 च्या मार्चमध्ये मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एका दुकानातून मी एएमडीचा अ‍ॅथलॉन एक्सपी 3200+ प्रोसेसर असलेला संगणक जोडून घेतला. दुकानदारांनी तो माझ्यासमोर चालू केला, पडद्यावर 3200+ हे नाव उमटले आणि त्यावर विश्वास ठेवून मी पूर्ण रक्कम दिली. हे नाव बायोस, म्हणजे संगणक चालू होताच मदरबोर्डवरून सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम, त्या वेळी लावलेला बसचा वेग आणि मल्टिप्लायर पाहून ठरवते, हे मला ठाऊक नव्हते. बस म्हणजे प्रोसेसरला बाकीच्या संगणकाशी जोडणारा मार्ग; तिच्या वेगाला मल्टिप्लायरने गुणले की प्रोसेसरचा वेग मिळतो.

बार्टन जातीच्या 2500+ आणि 3200+ या दोन्ही प्रोसेसरांचा मल्टिप्लायर 11, दुसऱ्या पातळीची कॅश (प्रोसेसरमधली छोटी, जलद स्मृती) 512 केबी आणि व्होल्टेज 1.65 असते. फरक फक्त बसचा: 2500+ ला 166 (नेमके सांगायचे तर 166.67) मेगाहर्ट्झची बस असल्याने वेग 1833 मेगाहर्ट्झ, तर 3200+ ला 200 ची असल्याने 2200. त्यामुळे स्वस्तातला 2500+ बसवून बायोसमध्ये बस 200 केली, की पडद्यावर महागड्या प्रोसेसरचे नाव येते. स्वतःच्या जबाबदारीवर असे ओव्हरक्लॉकिंग करणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, आणि पुष्कळ 2500+ त्या वेगाला टिकतही असत. पण तोच प्रोसेसर 3200+ म्हणून विकणे ही उघड लबाडी आहे.

उन्हाळा वाढला तसा संगणक मोठे काम करताना गोठू लागला. तापमान चढले की ट्रान्झिस्टर मंदावतात आणि पुढचा ठोका पडण्याआधी संकेत स्थिरावत नाही, म्हणून काठावर चालणारा प्रोसेसर मे महिन्यातच उघडा पडतो. दुकानदार आधी विंडोज पुन्हा टाका म्हणाले, मग त्यांनी रॅमला दोष दिला; परंतु मेमटेस्ट86 रात्रभर चालवूनही रॅममध्ये एकही चूक निघाली नाही. मग प्रोसेसरला सतत मोठे हिशेब करायला लावणारा प्राइम95 हा प्रोग्राम लावून मी वेग टप्प्याटप्प्याने उतरवला. 200 च्या बसवर काही मिनिटांतच हिशेबाची चूक येई, 190 वर दोन तासांनी आली, 166 वर मात्र रात्रभर एकही आली नाही. एवढ्याने फसवणूक सिद्ध होत नाही, कारण कमकुवत पॉवर सप्लाय किंवा प्रोसेसरची उष्णता काढून घेणारा पण नीट न बसलेला हीटसिंकही असेच घडवू शकतो.

शेवटी हीटसिंक काढला, तेव्हा त्याखाली झाकलेल्या लेबलावर AXDA2500DKV4D असा क्रमांक स्पष्ट छापलेला होता. खऱ्या 3200+ चा क्रमांक AXDA3200DKV4E असतो. शेवटचे अक्षर बसचा वेग सांगते.

तो प्रोसेसर घेऊन दुकानात गेलो, तर दुकानदारांनी बिल पुढे केले. त्यावर केवळ 'एएमडी प्रोसेसर' एवढेच लिहिलेले होते, आणि हीटसिंक मीच काढल्यामुळे हमी संपली असे त्यांनी सांगितले. जोडून मिळणारा संगणक घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की हीटसिंक बसवण्याआधी लेबलावरचा पूर्ण क्रमांक स्वतः वाचावा आणि तोच बिलावर लिहून घ्यावा. माझा संगणक तेव्हापासून 166 च्या बसवर चालला, आणि किमतीतला फरक मला कधीच परत मिळाला नाही.