खडेबाजारातली हातशिलाईची बेळगाव बॅग: वापरून लिहितेय

गावाच्या नावाने निघालेल्या वस्तूंचा मला कंटाळा आलाय. तागाची पिशवी घ्यायची, तिच्यावर किल्ल्याचा दरवाजा नाहीतर किल्ल्यातलं जैन मंदिर, कमल बस्ती छापायची, की झाली बेळगावची बॅग. चित्र झाकलं तर ती कुठल्याही गावची. म्हणून खडेबाजारातल्या एका जुन्या चपलांच्या दुकानाने बेळगावातल्याच शहापूर भागातल्या एका डिझाइनर मुलीला घेऊन 'बेळगाव बॅग' काढलीय म्हटल्यावर मी फार आशेने गेले नव्हते. आता पावसाळाभर वापरलीय आणि मनापासून सांगते, घेण्यासारखी आहे. एक-दोन गोष्टी मात्र दुकानाने सुधारायलाच पाहिजेत.

बॅगेवर एकही चित्र नाही. बाहेरून आपल्याच जिल्ह्यातल्या अथणीकडचं कातडं, आतून शहापुरी साडीच्या कापडाचं अस्तर. ही मुलगी विणकराच्या घरातली, वडगाव-खासबागच्या मागांच्या आवाजात वाढलेली. ते तिच्या कामात दिसतं. साडीचा काठ तिने शोभेला बाहेर लावलेला नाही, आत बॅगेच्या तोंडाशी गोल फिरवलाय. विचारलं तर म्हणाली, "काठाची वीण सगळ्यात घट्ट असते, ताई. हात घालून घालून तोंडच आधी विरतं ना." अजून तिथला एक धागाही सुटलेला नाही.

बाकीची रचनाही अशीच, आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातून आलेली. माझं घर अनगोळला, नोकरी बाजारात. रेल्वेच्या दुसऱ्या गेटला गेट पडलं की गाडी बंद करून थांबायचं आणि तेवढ्यात फोन वाजणार. फोनचा कप्पा पट्ट्याच्या बाजूला, छातीपाशी येईल असा आहे. गाडीवर बसूनच हाताला लागतो. चेन अंगाच्या बाजूला उघडते, त्यामुळे गणपत गल्लीत सणाच्या गर्दीत बॅग पुढे ओढून धरावी लागत नाही. तळ रुंद आणि सपाट आहे, कुंद्याचा डबा आडवा न होता बसतो. पाहुण्यांकडे जाताना कुंदा नेणाऱ्या कुणालाही याची किंमत कळेल.

मला सगळ्यात आवडला तो छत्रीचा कप्पा. बाहेरून, उभा, आणि तळाला दोन पितळी आयलेट, म्हणजे कडी बसवलेली भोकं. ओली छत्री तशीच खोचायची, पाणी खालून निथळून जातं. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे छत्री वाळते कधी? मी आजवर वापरलेल्या कुठल्याच बॅगेत हे नव्हतं.

शिलाईबद्दल जरा जास्त लिहिते, कारण पैसे तिथे वसूल होतात. पट्टा जिथे बॅगेला जोडलाय तिथे ना खिळा, ना रिव्हेट. कोल्हापुरी चप्पल शिवतात तशी कातड्याच्याच वादीने शिलाई आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत अथणीकडचे एक कारागीर बसतात, त्यांना काम करताना बघायला मिळालं. रापीने वादी अशी तासतात की टोकाकडे ती कागदासारखी होते. मग आरीने भोक, वादी ओढून घेतली की वर मोगरीचा ठोका. जोड इतका सपाट बसतो की बोटाला शिवण लागत नाही. बाकीच्या कडांना मेणाचा दोरा, दोन्ही टोकांना सुई, एकाच भोकातून दोन्हीकडून ओढलेला. मशीनची शिलाई एक टाका तुटला की उसवत जाते. या शिलाईत एक टाका गेला तरी शेजारचे टाके धरून ठेवतात.

कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेलं. ते वापराने आणि उन्हाने गडद होत जातं, माझ्या बॅगेचा पट्टा आत्ताच झाकणापेक्षा दोन छटा काळसर झालाय. एक काळजी घ्या: कातडं ओलं असताना त्यावर लोखंडी किल्ल्या ठेवू नका, काळे डाग पडतात आणि जात नाहीत.

आता तक्रारी. पहिल्या जोरदार पावसात पट्ट्याचा रंग माझ्या फिक्या कुर्त्याच्या खांद्यावर उतरला. दुकानात जाऊन सांगितलं. दुकानाचे काका म्हणाले, "नवं कातडं पहिल्या पावसात रंग सोडतंय ओ, पण चिठ्ठीवर लिहायला पाहिजे होतं, बरोबर आहे तुमचं." पट्टा पुसून, तेल लावून दिला, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून रंग गेलेला नाही. अस्तर गडद मरून आहे, आत किल्ली पडली की हाताने चाचपत बसायचं. आणि रिकामी बॅगसुद्धा जड आहे. खांदा दुखणाऱ्यांनी आधी दुकानात थोडा वेळ अडकवून फिरून बघावी.

किंमत 3,400 रुपये. रेक्झिनची बॅग याच्या निम्म्याहून कमी पैशात मिळते, पण दोन वर्षांत तिच्या पट्ट्याचे पोपडे निघतात. मला ही किंमत रास्त वाटली.

जी गोष्ट रास्त वाटली नाही ती वेगळी. बॅगेला लावलेली चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हींत आहे, हे छान. तिच्यावर दुकानाचं नाव आहे, डिझाइनरचं नाव आहे. शिवणाऱ्याचं नाही. 2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि कुठली कला आहे ते सांगितलं नाही, तेव्हा आपण सगळे केवढे चिडलो होतो. 2019 ला कोल्हापुरी चपलेला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आपला बेळगाव त्यात आहे. मग तीच वादी, तीच आरी वापरून इथे बॅग होते तेव्हा करणाऱ्याचं नाव आपल्याच चिठ्ठीवर का नको? डिझाइनर मुलीला हे बोलले. तिला पटलं असं वाटलं, पण छापून झालेल्या चिठ्ठ्या संपेपर्यंत थांबायचं म्हणाली. एक शिक्का मारायला किती वेळ लागतो?

बॅग तयार मिळत नाही. सांगून यावं लागतं, दोनेक आठवडे लागतात, निम्मे पैसे आधी. रंग दोनच, नैसर्गिक आणि तांबूस, जांभ्या दगडाच्या जवळ जाणारा. तांबूस घ्या, चिखलाचे शिंतोडे कमी दिसतात.

खानापूरच्या नणंदेसाठी दुसरी सांगून आलेय. फिकं अस्तर आणि आतल्या बाजूला शिवणाऱ्याचं नाव, दोन्ही मागितलंय. काका म्हणाले, "अस्तर बदलून देतो. नावाचं त्यांना विचारून सांगतो."