मिठाच्या पाण्याचा पूल, वर्षभरानंतर: सेलला ॲसिड जितकं कमी दाखवाल तितकं बरं

बडोद्यातल्या भायलीत आमच्या सोसायटीच्या पोहण्याच्या पुलावर सॉल्ट क्लोरिनेटर बसवून वर्ष होत आलं. कमिटीतर्फे पुलाच्या पाण्याची देखरेख माझ्याकडे आहे, त्यामुळे उन्हाळा, पावसाळा आणि थंडी या तिन्हींत मशीन कसं वागतं ते जवळून पाहायला मिळालं. मशीन चांगलं आहे आणि पुन्हा घ्यायची वेळ आली तर हेच घेईन. पण सेल, म्हणजे मिठाच्या पाण्यातून वीज सोडून क्लोरीन तयार करणारा मशीनचा भाग, साफ करण्याबद्दल विक्रेत्याने जेमतेम दोन वाक्यं सांगितली होती, आणि सगळं पाणी तिथेच मुरतं.

चांगलं ते आधी सांगते. मुलांचे डोळे चुरचुरत नाहीत, केसांना उग्र वास राहत नाही, हायपोचे, म्हणजे क्लोरीनच्या द्रावणाचे, कॅन आणून पंपरूममध्ये रचणं बंद झालं. हा पूल क्लोरीनशिवाय चालतो असं काही शेजाऱ्यांना अजून वाटतं, ते चूक आहे. क्लोरीन लागतोच, फक्त तो मिठापासून जागच्या जागी तयार होतो. दर लिटरला ३ ते ३.५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राच्या सुमारे दहावा हिस्सा. आमचा पूल ८० हजार लिटरचा, सुरुवातीला ५० किलोच्या पाच गोण्या लागल्या. मीठ आयोडीन नसलेलं आणि शुद्ध घ्या. आगरातलं जाडं मीठ गुजरातेत स्वस्त मिळतं, पण त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियम शेवटी सेलवरच येऊन बसतो.

माझे सासरे रणोलीकडच्या एका कॉस्टिक-क्लोरीन कारखान्यातून निवृत्त झाले. तिथेही मिठाच्या पाण्यातून वीज सोडूनच क्लोरीन बनवतात. मशीन उघडून पाहिल्यावर ते म्हणाले, "अगं, हा आमचाच प्लांट आहे, पाइपात बसवलेला." सेलमध्ये टायटॅनियमच्या पट्ट्या असतात आणि त्यांवर रुथेनियम-इरिडियमच्या ऑक्साइडचा अगदी पातळ लेप. असा लेप हेन्री बीअर यांनी १९६०च्या दशकात पुढे आणला आणि क्लोरीनचे कारखाने त्यावर आले. धन पट्टीवर क्लोरीन सुटतो. ऋण पट्टीवर हायड्रोजन सुटतो आणि तिच्या लगतचं पाणी एकदम अल्कधर्मी होतं. पाण्यात कॅल्शियम असेल तर तो नेमका तिथे कार्बोनेट होऊन पांढरा थर धरतो, गीझरच्या कॉइलवर धरतो तसा. कारखान्यात मिठाचं पाणी सेलमध्ये सोडण्यापूर्वी त्यातला कॅल्शियम जवळजवळ पूर्ण काढून टाकतात. आपण मात्र बोअरचं पाणी तसंच सोडतो.

हे कळल्यावर सेल साफ करण्याकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागले. ॲसिड थर खातं तसं हळूहळू त्या लेपालाही झिजवतं, आणि लेप गेला की सेल संपला. मशीनमधला सगळ्यात महाग भाग तोच. बऱ्याच कंपन्या सेलचं आयुष्य १०,००० तासांच्या आसपास सांगतात. रोज आठ तास चालवला तर साडेतीन वर्षांच्या आत ते तास भरतात. त्यात दर महिन्याला ॲसिडने धुतला तर किती टिकणार? आमच्याकडे येणारा सर्व्हिसवाला मात्र दरमहा ॲसिड वॉशच्या करारासाठी मागे लागला होता. आम्ही तो केला नाही.

पॅनेलवर "सेल तपासा"चा दिवा लागला की सगळे घाबरतात. आमच्या मशीनमध्ये तो ठरावीक तास भरले की आपोआप लागतो, थर असो वा नसो. थंडीत आणखी एक घोळ होतो. गार पाण्यातून वीज कमी वाहते, म्हणून मशीन मीठ कमी असल्याचं दाखवतं. उत्तरायणाच्या सुमारास आमच्याकडे असंच झालं. कोणी म्हणे मीठ ओता, कोणी म्हणे ॲसिड मारा. मी वेगळ्या किटने मीठ मोजलं, ते बरोबर होतं. सेल काढून उजेडाकडे धरला, पट्ट्या स्वच्छ होत्या. मग काहीच करायचं नव्हतं.

खरा थर येतो एप्रिल-मे महिन्यांत. ऊन चाळिशीपार जातं, पाणी रोज उडतं, कॅल्शियम मात्र पुलातच राहतो, आणि वर आपण पुन्हा बोअरचंच पाणी भरतो. आमच्या बोअरची कठीणता ४५० पीपीएमच्या वर निघाली, पुलाला २०० ते ४०० बरी. शिवाय या मशीनमुळे पीएच सतत वर चढतो, आणि चढला की थर धरायला आयतंच निमित्त. पुलात पांढरे पापुद्रे तरंगताना दिसले तर समजा की मशीन आपली ध्रुवता उलटी करून, म्हणजे धन पट्टी ऋण आणि ऋण पट्टी धन करून, थर झटकतंय. त्या दिवसांत मी पीएच एक दिवसाआड मोजते आणि ७.२ ते ७.६ मध्ये ठेवते. भरायला शक्य तेव्हा महापालिकेच्या पाण्याचा टँकर मागवते. या दोन गोष्टींनी जो फरक पडला तो कुठल्याही धुण्याने पडला नसता.

तरीही धुवावा लागतोच. तेव्हा आधी पंप आणि मशीन दोन्हींचा एमसीबी पाडा. नुसतं पॅनेलचं बटण बंद करून भागत नाही. दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून दाब सोडा, युनियन, म्हणजे सेल पाइपाला जोडणारे आट्यांचे जोड, हाताने उघडा. पहिला उपाय म्हणजे साध्या पाइपाची जोरदार धार, अर्धा थर तिनेच जातो. उरलेला प्लास्टिकच्या किंवा लाकडी पट्टीने हलकेच सोडवा. स्क्रू-ड्रायव्हर, तारेचा ब्रश, चाकू यांना तिथे प्रवेश नाही, एका ओरखड्याने लेप जातो. त्यानंतर मी लिंबूफुलाचं, म्हणजे सायट्रिक ॲसिडचं, पाणी वापरते, लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. वेळ जास्त लागतो, पण काम सौम्य होतं. तुमच्या कंपनीच्या पुस्तिकेत ते चालतं का, तेवढं आधी बघा.

म्युरिॲटिक, म्हणजे हायड्रोक्लोरिक, ॲसिड अगदी शेवटी. ते विकत घेताना दुकानदार ओळखपत्र मागेल आणि नोंदवहीत लिहून घेईल. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिलेला आहे, त्यामुळे कुरकुर करू नका. पुस्तिकेत बहुधा चार भाग पाणी आणि एक भाग ॲसिड लिहिलेलं असतं, मी दहाला एक घेते. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड बारीक धारेने. आमच्या पूल सांभाळणाऱ्या भाईंनी विचारलं होतं, "बेन, एसिड सीधुं ज नाखी दउं?" (ॲसिड सरळच ओतून देऊ का?) त्यांना बसवून समजावलं की ॲसिडवर पाणी पडलं तर ते उसळून तोंडावर येतं. चष्मा, कोपरापर्यंतचे रबरी मोजे, मोकळी हवा, आणि वाऱ्याकडे पाठ. पंपरूममध्ये हे काम करायचं नाही. क्लोरीनच्या गोळ्या, ब्लीचिंग पावडर, हायपो यांतलं काहीही जवळपास नको. ॲसिडचा थेंब त्यात पडला तर क्लोरीन वायू सुटतो, आणि तो काय करतो हे कारखान्यांच्या पट्ट्यात राहणाऱ्या बडोदेकरांना सांगायला नको.

सेलचं एक तोंड टोपीने बंद करून तो उभा धरा आणि आत द्रावण भरा. वायर आणि टर्मिनल कोरडे राहिले पाहिजेत, अख्खा सेल बादलीत बुडवू नका. फेस येतो तो कार्बन डायऑक्साइडचा. फेस थांबला की बहुधा थर संपला, मग एक मिनिटही जास्त ठेवू नका. पाच-दहा मिनिटांत सहसा होतं. बॅटरीचं ॲसिड चुकूनही नको, सल्फ्यूरिकने कॅल्शियमचा जिप्सम होतो आणि तो निघता निघत नाही. टॉयलेट क्लीनरही नको.

उरलेलं द्रावण खाण्याच्या सोड्याने फेस थांबेपर्यंत शमवा आणि भरपूर पाण्याबरोबर गटारात सोडा. सोसायटीतल्या पाणी जिरवण्याच्या खड्ड्यात ओतू नका. पुलाभोवती कोटा फरशी असेल तर काम तिच्यापासून दूर करा. कोटा म्हणजे चुनखडीच, थेंब पडला की फरशीलाही फेस येतो आणि डाग कायमचा राहतो.

बसवताना ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावा, युनियन हातानेच आवळा. पाणी नीट वाहू लागल्याशिवाय मशीन चालू करू नका, साचलेल्या पाण्यात हायड्रोजन जमतो. पाणी वाहायचं थांबलं की मशीन बंद करणारा फ्लो स्विच काम करतोय का ते वर्षातून एकदा तपासून घ्या.

नवीन घेणाऱ्यांनी पारदर्शक खोळीचा सेल मागावा. थर आहे की नाही ते उघडल्याशिवाय दिसतं, आणि ॲसिडसाठी घाई करणाऱ्याला तिथेच दाखवता येतं. शिडी ३१६ ग्रेडच्या स्टीलची घ्या, आमच्या ३०४च्या शिडीवर पहिल्याच पावसाळ्यात तांबूस डाग आले.